जिना, फूटपाथ आणि आईंची भाजीची ट्रॉली : आधी चाकं बघा, पिशवी नंतर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की आई ६७ वर्षांच्या, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे दुखतात त्यात उजवा जास्त, उजव्या हाताचा अंगठाही बुडाशी दुखतो, तरी आठवड्यातून दोनदा मंडईत चालत जाऊन भाजी स्वतः आणतात. तुम्ही बंगळुरूहून ऑनलाइन ट्रॉली मागवून द्यायची म्हणताय आणि दोन चाकी, चार चाकी की ती जिना चढणारी सहा चाकी घ्यावी यावर अडलंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यातही रोजची कामं कशी जमतील ते बघणारी, २४ वर्षं हेच काम करतेय, आणि गेली ११ वर्षं माझी स्वतःची भाजीही ट्रॉलीतूनच येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक विनंती. भावंडांपैकी कोणी म्हणत असेल की कशाला जायचं मंडईत, ॲपवरून मागवा की, तर तसं करू नका प्लीज. आठवड्यातून दोनदा जाऊन येऊन दीडदोन किलोमीटर चालणं, चार ठिकाणी भाव विचारणं, ओळखीच्या भाजीवालीशी दोन शब्द बोलणं, हे सगळं त्यांच्या गुडघ्यांना आणि मनाला दोन्हीला लागतं. गुडघेदुखीत चालणं बंद केलं की मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि मग दुखणं वाढतंच, हे मी इतक्या वेळा बघितलंय. त्रास चालण्याचा नाहीये, त्रास हातातल्या वजनाचा आहे, तेवढंच काढून घ्यायचंय.

आणि वजन खरंच किती होतं ते घरातल्या काट्यावर एकदा मोजा, आईंनाही पटेल. दोन किलो कांदे, दोन किलो बटाटे, एक कोबी, एक नारळ, किलोभर टोमॅटो, दोन जुड्या पालेभाजी, येताना एक तेलाची पिशवी (एक लिटरची ९१० ग्रॅम भरते) आणि लिटरभर दूध. साडेआठ नऊ किलो सहज झाले. कलिंगडाचे दिवस असले तर अजून तीनचार. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून सगळे कापडी पिशव्या नेतात ते चांगलंच आहे, पण त्या पिशवीचा बंद असतो जेमतेम दोन बोटं रुंद, त्यावर चारपाच किलो लटकले की बोटांना काचतं, आणि घट्ट मूठ धरून ठेवावी लागते म्हणून अंगठ्याच्या बुडाचा सांधा ठणकतो. आईंचा अंगठा यानेच दुखतोय असं न बघता म्हणणार नाही, पण भर नक्की पडत असणार.

आता चाकांकडे. लोक ट्रॉली घेताना पिशवीचा रंग, कप्पे, किती लिटरची हे बघतात, आणि सगळा खेळ असतो चाकाच्या आकाराचा. शाळेतलं साधं गणित आहे. चाकासमोर अडीच सेंटिमीटरचा उंचवटा आला, म्हणजे उखडलेला पेव्हर ब्लॉक किंवा ड्रेनेजच्या झाकणाची कड, तर १० सेंटिमीटर व्यासाचं छोटं चाक त्यावरून आडवं ओढून चढवायला ट्रॉलीच्या वजनाच्या जवळजवळ पावणेदोन पट जोर लागतो. तेच चाक २० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर वजनापेक्षा थोडा कमीच, नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १० किलोची ट्रॉली असेल तर एकीकडे १७ किलोचा झटका आणि दुसरीकडे नऊचा. प्रत्यक्षात आपण तिरपं वर ओढतो म्हणून दोन्हीकडे जोर जरा कमी लागतो, पण फरक राहतोच, आणि हा झटका थेट खांद्याला आणि मनगटाला बसतो, मंडईपासून सदाशिव पेठेपर्यंत असे पन्नास झटके धरा. अजून एक, अडथळा चाकाच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा उंच असला तर आडवं ओढून चाक चढतच नाही, उचलावंच लागतं. फूटपाथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे, पण पेठांमध्ये त्याहून उंच कडा तुम्हाला जागोजागी दिसतील, आणि १५ चा असला तरी २० चं चाकही त्यावर उचलूनच चढवावं लागणार. म्हणून चाक मोठं हवं आणि ट्रॉली स्वतः हलकी हवी, दोन्ही एकदम. रिकामी ट्रॉली दीड ते अडीच किलोत बसायला पाहिजे. तीनच्या वर गेली तर मी पेशंटला घेऊ देत नाही.

म्हणून माझं उत्तर दोन चाकी. १६ ते २० सेंटिमीटर व्यासाची चाकं, वर रबर किंवा फोमसारखं मऊ आवरण. नुसतं कडक प्लास्टिकचं चाक घेऊ नका, ते खडखड वाजतं, फरशीवर घसरतं आणि प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवतं. हवेची चाकं मऊ चालतात पण पंक्चर काढायला आई कुठे जाणार.

चार चाकी का नको? मॉलमध्ये, विमानतळावर, गुळगुळीत फरशीवर चार चाकी फार सुखाची, हाताला वजनच लागत नाही, पुढे ढकलत न्यायची, खांदा पिरगळत नाही. फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे खांदा आखडलेल्या पेशंटला मी तीच सांगते, पण रस्ता सपाट असेल तरच. तिची पुढची फिरती चाकं बारकी असतात, ती ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत अडकली की ट्रॉली जागच्या जागी थांबते आणि माणूस मात्र पुढे जात असतो. पडणं असंच होतं. तुमच्या सोसायटीत चांगले रस्ते असतील तर तुमच्यासाठी घ्या, आईंसाठी नको.

इथेच एक गोष्ट ठळक सांगायची, कारण यात माझ्या एका पेशंटचं मनगट मोडलेलं आहे. ट्रॉली म्हणजे काठी नाही आणि वॉकरही नाही. तिला ब्रेक नसतो, ती हलकी असते, तिच्यावर भार टाकून टेकलात की ती पुढे पळते. आईंना तोल सांभाळायला आधार लागत असेल तर ट्रॉली एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात, किंवा मग ब्रेकवाला, बास्केट असलेला रोलेटर, म्हणजे चाकांचा वॉकर, पण तो पेठेतल्या गर्दीत जड जातो. आधी हे बघा की त्या हात मोकळे सोडून सरळ चालतात का, भिंतीला, कठड्याला हात लावत चालतात का. लावत असतील तर ट्रॉली मागवायच्या आधी कोणातरी फिजिओला किंवा आमच्यासारख्याला प्रत्यक्ष दाखवा.

आता ती सहा चाकी. दोन्ही बाजूंना तीन तीन चाकांचा तारा असतो आणि पायरीला टेकला की तो तारा फिरतो, एक चाक वर जाऊन बसतं. व्हिडिओत फार सुंदर दिसतं. चालतंही, पण पायऱ्या एकसारख्या आणि साधारण १५ ते १७ सेंटिमीटर उंचीच्या असतील तर. जुन्या बिल्डिंगीत आणि वाड्यात पायरी २० च्या पुढे असते, रुंदीला कमी असते, वळणावर तर तिरकी कापलेली असते, तिथे तारा अर्धवट फिरून अडकतो. आणि जिना चढणारी म्हटलं तरी ती आपली आपण चढत नाही हो, वजन तेवढंच वर न्यायचंय, आपणच ओढायचंय, फक्त प्रत्येक पायरीला ते जरा टप्प्याटप्प्याने होतं. शिवाय ती मुळात जड, रस्त्यावर चालताना तिची चाकं बारकी, म्हणजे वर बारक्या चाकाचं जे सांगितलं ते सगळं आलं. ती ओढायला बरेच जण जिन्यात उलटे तोंड करून दोन्ही हातांनी ओढत वर जातात. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने हे करायचं नाही, कधीच नाही. जिन्यात एक हात कठड्यावर पाहिजे म्हणजे पाहिजेच.

मग तिसरा मजला कसा? माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग हाच आहे, ट्रॉली नाही. ट्रॉली जिन्यापाशी संपते असं धरूनच चाला. तळमजल्यावर जिन्याखाली जागा असेल तर ट्रॉली तिथेच राहू द्या, सायकलचं साधं कुलूप लावून कठड्याला अडकवा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. ट्रॉलीच्या आत भाजी सुटी भरू नका, आत एक पाठीवरची सॅक ठेवा आणि एक कापडी पिशवी. कांदे बटाटे सॅकमध्ये, तीनचार किलोच्या वर नाही, पालेभाजी टोमॅटो पिशवीत. खाली आल्यावर सॅक पाठीवर दोन्ही पट्ट्यांनी, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात हलकी पिशवी, आणि प्रत्येक मजल्याला थांबायचं. चढताना आधी चांगला पाय वर, मग दुखरा, उतरताना आधी दुखरा पाय खाली. जिना चढताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या तीनेक पट ताण येतो, म्हणजे पाठीवरचा एक किलो तिथे एक किलो राहत नाही, म्हणून चार किलोची मर्यादा मी ताणू देत नाही. सपाट रस्त्यावर आई आठ किलो आरामात आणतील, जिन्यावर त्यातले निम्मेच न्यायचे. उरलेलं ट्रॉलीत राहू द्या, संध्याकाळी खाली येणारं कोणीतरी आणेल, शेजारचा मुलगा, दूधवाला, आपल्याकडे अजून ही माणसं आहेत.

आणि गॅलरी रस्त्याच्या किंवा चौकाच्या बाजूला असेल तर दोरी टोपली! आपल्या आज्या हेच करायच्या, वरून टोपली सोडायची, भाजीवाला त्यात भाजी टाकणार. फक्त कठड्यावरून वाकून दोरी हाताने वर खेचायची नाही, त्यात कंबर जाते आणि तोलही जातो. गॅलरीच्या वरच्या स्लॅबला भक्कम हूक ठोकून घ्या, त्याला कप्पी लावा, म्हणजे आई कठड्यापासून लांब उभ्या राहून दोरी खाली ओढतील आणि टोपली वर येईल. दोन अडीच किलो एका खेपेला. हूक सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून नीट बसवून घ्या, खाली माणसं चालतात.

किराणा मात्र ट्रॉलीत आणूच नका. पाच दहा किलो आटा, तांदूळ, तेलाचा पाच लिटरचा डबा, हे पेठेतले बरेच किराणावाले आजही माणूस पाठवून घरपोच देतात, वरच्या मजल्यापर्यंत देतात. ट्रॉली भाजी, फळं, दूध आणि बारीकसारीक वाणसामानासाठी. हे एकदा मनात पक्कं झालं की फार मोठी पिशवीही लागत नाही, ३५ लिटरच्या आसपास पुरते. मोठी घेतली की ती भरली जाते, माणसाचा स्वभावच आहे तो.

भरायची कशी यावर पण दोन ओळी, कारण हे कोणी सांगत नाही. ट्रॉली तिरकी करून ओढताना तिचं थोडं वजन चाकावर आणि थोडं हातावर येतं. १२ किलो माल आहे आणि त्याचं वजन बुडाशी, चाकाच्या आसापासून (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यापासून) ३० सेंटिमीटरवर एकवटलंय, हँडल १०० वर आहे, तर हाताला साडेतीन किलोच्या आसपास लागतात. तोच माल उलटा भरला, जड वर आणि हलकं खाली, वजन ५० सेंटिमीटरवर गेलं, की हाताला सहा किलो. माल तोच, रस्ता तोच! तर कांदे बटाटे कलिंगड तळाला, टोमॅटो पालेभाजी वर. अडचण अशी की मंडईत आपण घेतो त्या क्रमानेच भरत जातो. म्हणून आईंना सांगा की आधी कांदे बटाट्याच्या गाळ्यावर जायचं, पालेभाजी सगळ्यात शेवटी, परतीच्या वाटेवर. कोथिंबीर ओली असते, ती बंद पिशवीत काळी पडते, तिच्यासाठी वर जाळीचा कप्पा असेल तर उत्तम, नाहीतर पंच्यात गुंडाळून वर ठेवायची.

हँडल. उभी असताना जमिनीपासून ९५ ते १०० सेंटिमीटर. आई साधारण पाच फूट असतील तर तिरकी केल्यावर ते बरोबर लोंबत्या हाताच्या मनगटापाशी येतं, खांदा वर ओढला जात नाही. आखूड असेल तर चालताना चाक टाचेला लागतं आणि माणूस वाकून ओढायला लागतो. अंगठा दुखतो म्हणून बटण दाबून आतबाहेर होणारं हँडल नको, ते बटण अंगठ्यानेच दाबावं लागतं. सरळ आडवा दांडा, जाड, मऊ आवरणाचा. बारीक आला तर सायकलच्या दुकानातून फोमची ग्रिप बसवून घ्या, नाहीतर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा, घाम पण टिपते. धरताना मूठ आवळायची नाही, चार बोटांचा आकडा करायचा, अंगठा बोटांच्याच बाजूला सैल. दर शंभरेक पावलांनी हात बदलायचा, नाहीतर मागे ओढताना एकच खांदा आणि कंबर पिरगळलेली राहते. गर्दीत शिरलं की ट्रॉली उभी करून अंगाशी घ्यायची, मागे ओढायची नाही, मागच्या माणसाच्या पायात जाते, आणि पाकीट मोबाइल तर ट्रॉलीच्या कप्प्यात कधीच नको.

जाता जाता, कोणाचा गुडघा नाही तर खुबा दुखत असेल आणि हातात पिशवी घ्यायचीच असेल तर ती दुखऱ्या खुब्याच्याच बाजूच्या हातात घ्या. ऐकायला उलटं वाटतं, पण पलीकडच्या हातात घेतली की तोल सांभाळायला दुखऱ्या खुब्याच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. काठीचं मात्र याच्या विरुद्ध, ती दुखऱ्या बाजूच्या पलीकडच्या हातात.

फूटपाथवर चढताना असं करायचं: काठाशी आल्यावर थांबायचं, आधी आपण वर चढायचं, मग वळून दोन्ही चाकं एकदम ओढून घ्यायची. एकच चाक तिरकं चढवलं की ट्रॉली कलंडते. उतरताना ट्रॉली आधी हळू खाली सोडायची, मग आपण. मागे ठेवून उतरलात की ती मागून येऊन पोटरीवर आदळते. रस्ता ओलांडायला उभं राहताना ट्रॉली शेजारी ठेवायची, पुढे रस्त्यात नाही. आणि पावसाळ्यात चिखलाच्या दिवसांत मंडईत आतल्या गल्ल्यांऐवजी मोठ्या वाटेने फिरायचं, थोडं लांब पडलं तरी. महात्मा फुले मंडई १८८६ ची, ती बांधताना कोणाच्या डोक्यात चाकाची पिशवी नव्हती, पण दगडी फरशीवर मोठ्या चाकाची ट्रॉली बरी चालते, त्रास आहे तो बाहेरच्या गाड्यांच्या गर्दीत आणि फूटपाथवर लावलेल्या टू व्हीलरमध्ये. म्हणून रुंदीही बघा, ४० सेंटिमीटरच्या आत. मेट्रोचं मंडई स्टेशन २०२४ पासून सुरू झालंय, तिथे लिफ्ट आहे, तुमची मावशी वगैरे लांबून येत असेल तर ट्रॉलीसकट येता येतं.

ऑनलाइन मागवली की परत करायची मुदत संपायच्या आत घरी एक चाचणी घ्या, किंवा आईंकडून फोनवर करून घ्या. एक लिटरच्या पाण्याच्या आठ बाटल्या भरल्या की आठ किलो झाले. हात सोडून उभी राहते का बघा, काही ट्रॉल्यांना पुढे पाय नसतो आणि भरली की तोंडावर पडतात. मग उंबऱ्यावरून दोनदा इकडून तिकडे ओढा. चाकं डुगडुगतात का, आस वाकतो का, हँडल वेल्डिंगपाशी कुरकुरतं का. मी पहिली ट्रॉली दिसायला छान म्हणून घेतली होती, तिसऱ्या महिन्यात भर रस्त्यात चाक निसटलं, कारण ते नुसत्या प्लास्टिकच्या टोपीने अडकवलेलं होतं. आसाच्या टोकाला लोखंडी पिन आणि वॉशर आहे का ते खाली वाकून बघा. नंतरची देखभाल फार नाही, महिन्यातून एकदा आसाभोवती गुंडाळलेले केस, दोरे, कोथिंबिरीच्या काड्या काढायच्या, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडायचं, पावसातून आली की चाकं पुसायची. पिशवी फ्रेमवरून निघणारी हवी म्हणजे धुता येते, मंडईच्या पिशवीला वास लागतोच.

राहिलं आईंचं मन. तुम्ही लिहिलंय की त्या म्हणतात लोक काय म्हणतील, म्हातारी झाले असं दिसेल. हे मला दर दुसऱ्या पेशंटकडून ऐकायला मिळतं आणि ते मी कधीच हसण्यावारी नेत नाही, त्यांच्यासाठी ते खरं आहे. स्पेनमध्ये, फ्रान्समध्ये, जर्मनीत बाजाराच्या दिवशी तरुण पोरंपोरीसुद्धा अशीच ट्रॉली घेऊन फिरतात हे सांगून बघा, पण त्याहून जास्त उपयोग होतो तो पहिल्या दोन खेपा सोबत गेल्याचा. पुढच्या वेळी पुण्याला याल तेव्हा ट्रॉली तुम्ही ओढा, आई शेजारून चालतील, येताना अर्ध्या वाटेत सहज त्यांच्या हातात द्या. रंग, नक्षी त्यांनाच निवडू दे. पहिले दोन आठवडे चार किलोच, मग सहा, मग आठ.

मागवायच्या आधी मला तीन गोष्टी कळवा: जिन्याच्या एका पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये, कठडा चढताना कुठल्या हाताला येतो ते, आणि आई हात मोकळे सोडून किती वेळ न थांबता चालू शकतात. कठडा उजव्या हाताला येत असेल तर अंगठ्यासाठी तो कसा धरायचा ते वेगळं सांगावं लागेल, ते मी त्यानंतर लिहीन.